पहिल्या दिवसाची यादी



कॅनडाच्या कायम निवासाची मंजुरी आली की घरात थंडीची, नोकरीची, भाड्याच्या घराची चर्चा सुरू होते. कस्टम्सच्या कागदांचा विषय मात्र ‘उतरल्यावर बघू’ म्हणून बाजूला पडतो. आज मी त्यावरच बोलणार आहे. त्या कागदांत मुख्य ती सामानाची यादी, आणि ती निघण्याच्या कितीतरी आधी, आपल्याच घरात, कपाटं उघडून बसून करावी लागते.

स्थायिक व्हायला जाणाऱ्याला आपलं घरगुती सामान तिथे जकात न भरता नेता येतं. अट अशी की, पोहोचण्यापूर्वी ती वस्तू तुमच्या मालकीची हवी, ताब्यात हवी आणि वापरातही हवी. आपल्याकडे नेमकी उलटी हौस. परदेशी जायचं म्हणून कुकर नवा, भांडी नवी, चादरी नव्या, आणि सगळं खोक्यातून न काढता बॅगेत. कोरी वस्तू या सवलतीत बसत नाही. तेव्हा कुकर दोन महिने आधी आणा, त्यात रोजचा भात लावा आणि पावती जपून ठेवा. नवविवाहितांना थोडी सूट आहे. लग्न पोहोचण्याआधीच्या तीन महिन्यांत झालं असेल किंवा पोहोचल्यावर तीन महिन्यांत व्हायचं असेल, तर लग्नात आलेल्या भेटींना ‘वापरलेली’ ही अट लागत नाही. मात्र त्या आधीच तुमच्या हाती आलेल्या हव्यात.

याद्या दोन करायच्या, प्रत्येकीच्या दोन प्रती. एक बरोबरच्या सामानाची, दुसरी मागाहून येणाऱ्या सामानाची. वस्तूचं वर्णन, बनावट, मॉडेल, असल्यास अनुक्रमांक आणि कॅनडियन डॉलरमध्ये अंदाजे किंमत. विमानतळावरचा अधिकारी त्यावरून ‘बीएसएफ १८६’ हा फॉर्म पुरा करतो. जुनी मंडळी त्याला अजून ‘बी फोर’ म्हणतात. शिक्का मारलेली त्याची प्रत तुमच्याकडे राहते.

सगळ्यात मोठं नुकसान दुसऱ्या यादीपायी होतं. पुष्कळ जण आधी एकटे जातात, ‘लँडिंग’ (कायम निवासी म्हणून पहिला प्रवेश) करतात आणि आवराआवरीसाठी परत येतात. हातात एकच बॅग, म्हणून यादी देत नाहीत. वर्षाने सगळं कुटुंब निघतं, न्हावा शेवाहून कंटेनर रवाना होतो आणि मग कळतं की यादी द्यायची होती ती त्या पहिल्या दिवशी. बरोबर काहीही नसलं तरी मागून काय येणार ते त्याच दिवशी सांगायचं असतं. तसं न केल्यास पुढे त्या सामानावर जकात आणि कर भरावा लागू शकतो. आजीची समई, पुस्तकांची कपाटं, मुलाचा तबला, जे जे कधीतरी न्यायचं मनात आहे ते सगळं लिहा.

आता दागिने. यादी बहुधा घरातला पुरुष टाइप करतो आणि बायकोचं सगळं स्त्रीधन ‘सोन्याचे दागिने’ एवढ्या दोन शब्दांत उरकतो. मला हे अजिबात मान्य नाही. जिचे दागिने, तिने स्वतः बसून ओळ न् ओळ लिहावी: ‘मंगळसूत्र, २२ कॅरट, दोन वाट्या, काळे मणी, वजन अमुक ग्रॅम, फोटो क्रमांक ३.’ पाटल्या वेगळ्या, तोडे वेगळे, ठुशी वेगळी, नथीत मोती किती तेही. सराफाकडून मूल्यांकनाचा कागद घ्यावा. फोटोंवर तारीख आणि सही हवी. किंमत मुद्दाम कमी लिहू नये. खोटी नोंद सापडली तर वस्तू जप्त होऊ शकते, आणि आईने दिलेल्या पाटल्या अशा जाव्यात यासारखं दुःख नाही.

पैशांविषयी भीती फार आहे, ती अनाठायी आहे. १०,००० कॅनडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जवळ असेल तर ती जाहीर करायची, एवढंच. कॅनडाच्या बाजूने नेण्यावर मर्यादा नाही, त्यावर करही नाही. लपवली तर मात्र ती जप्त होऊ शकते. सवलतीत नेलेली वस्तू पहिल्या वर्षात विकली किंवा कोणाला देऊन टाकली, तर जकात भरावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

एक काम इथलंही आहे, आणि ते हमखास राहतं. मौल्यवान दागिने घेऊन निघताना आपल्या विमानतळावरच्या कस्टम्सकडून त्यांचा निर्यात दाखला घ्यावा. पुढे लग्नकार्याला तेच दागिने घालून परत याल, तेव्हा ते इथूनच नेलेले आहेत याचा पुरावा तोच. त्यासाठी दागिने अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावे लागतात, म्हणून ते चेक-इनच्या बॅगेत ठेवू नयेत, मूल्यांकनाचा कागद हाताशी ठेवावा आणि विमानतळावर नेहमीपेक्षा बरंच लवकर पोहोचावं.