शाळेचा निरोप

बंगळूरची चिकपेट ही रेशमी वस्त्रांची जुनी पेठ. विजापूरकरांनी 1638 साली हे नगर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. मराठीचा सूर येथे तेव्हापासूनचा. मराठी घरी शाळेची सूचना येते ती कन्नडात वा इंग्रजीत. नातू ती वाचतो, आजी मराठीत समजून घेते. शाळेचा निरोप घरी पोचवावयास असा निरोप्या लागतोच.

अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना 1935 साली स्थापन झाली. राज्याराज्यांतूनही तशा संघटना निघाल्या. महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी ‘शालापत्रक’ हे मासिक शिक्षणखात्याच्या आश्रयाने शाळांशी बोलत होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे पुत्र विष्णुशास्त्री 1868 पासून ते पाहू लागले. त्यांनी त्यातून मिशनऱ्यांवर व सरकारवर टीका केली आणि 1875 मध्ये मासिक बंद पडले. 1879 मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. 1880 च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल उघडले.

निरोप्याने केवळ धन्याचे बोलणे पोचवावे, की घरचे गाऱ्हाणेही धन्याच्या कानी घालावे? संघटनेची खरी गरज येथेच आहे. एकट्याचा आवाज सहज दबतो. समव्यवसायी पाठीशी असले, तर तो दाबणे कठीण जाते.