आश्रयाला धडधाकटपणाची अट



दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातील छावण्यांमध्ये लक्षावधी विस्थापित माणसे पडून होती. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने १९४७ ते १९५२ या काळात त्यांपैकी दहा लाखांहून अधिक लोकांना नव्या देशांत पाठवले. ही कामगिरी मोठी होती, यात शंका नाही. परंतु घेणाऱ्या देशांना खाणीत, शेतात आणि कारखान्यात राबणारे हात हवे होते. म्हणून क्षयरोगी, अंध, पांगळे आणि वृद्ध मागे राहिले. एका अपंग मुलासाठी सारे कुटुंब नाकारले जाई. या उरलेल्यांना छावण्यांच्या कारभारात ‘हार्ड कोअर’ असे नाव पडले. न्यूझीलंडने अपंग व्यक्ती असलेली निर्वासित कुटुंबे घेण्यास सुरुवात केली ती १९५९ साली, म्हणजे युद्ध संपून चौदा वर्षे झाल्यावर.

वस्तुतः १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने आश्रयाचा आधार स्पष्ट केला आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांमुळे छळाची साधार भीती असणे, हा तो आधार होय. माणूस किती कमावू शकेल, हा प्रश्न त्या व्याख्येत कोठेही नाही. मात्र कायद्याने दारातून घालवलेला हा प्रश्न कारभाराच्या खिडकीतून पुन्हा आत आला आहे.

ब्रिटनचे उदाहरण पाहावे. अपंगत्वामुळे होणारा जादा खर्च भागवण्यासाठी तेथे नागरिकांना भत्ता मिळतो. १९९९ च्या कायद्याने आश्रयार्थींना त्यातून वगळले. अर्जाचा निकाल बारा महिने लागला नाही, तरच काम करण्याची परवानगी मागता येते आणि तीही ठरावीक कामांपुरती. स्वतः स्वयंपाक करून राहणाऱ्या आश्रयार्थीस २०२४ मध्ये आठवड्याला ४९.१८ पौंड मिळत. चाकाच्या खुर्चीवरील माणसाने याच रकमेत अन्नही घ्यावे आणि बस गाठता येत नाही म्हणून टॅक्सीही करावी, असा हा हिशेब आहे. राहण्याची जागाही त्याने निवडायची नसते. २००२ साली एका आजारी, अपंग आश्रयार्थी स्त्रीच्या निवाऱ्याचा खर्च नगरपालिकेने करावा की मध्यवर्ती सरकारने, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. जबाबदारी नगरपालिकेची ठरली. पण त्या वादात दोन्ही पक्षांनी तिच्याकडे पाहिले ते टाळता येईल असा खर्च म्हणूनच.

अर्जाची सुनावणी हीही एक कसोटीच असते. छळाने ज्याची स्मृती विसकटली, त्याच्याकडून तारखांचा अचूक क्रम मागितला जातो. बहिऱ्या माणसाची खूणभाषा त्याच्या देशाची असते; यजमान देशाची खूणभाषा जाणणारा दुभाषा त्याच्या उपयोगी पडेलच असे नाही.

अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला. त्याच्या अकराव्या कलमात युद्ध आणि आपत्तीच्या काळातील संरक्षणाची हमी आहे. ब्रिटनने २००९ साली त्यास मान्यता दिली, परंतु परदेशीयांच्या प्रवेशाबाबत आणि वास्तव्याबाबत स्वतःचे कायदे राखून ठेवले. हक्क सार्वत्रिक म्हणायचे आणि सीमेवर मात्र त्यांना थांबवायचे, असा हा प्रकार आहे.

साधने अपुरी आहेत, प्रथम स्वदेशीय अपंगांचे पाहावे, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिकही असू शकतो. परंतु माणसाचे मोल त्याच्या श्रमशक्तीवरून ठरवणारे माप परक्यापाशी थांबत नाही. काटकसरीचे दिवस येताच तेच माप स्वदेशीय अपंगाला, वृद्धाला आणि थकलेल्या कामगारालाही लावले जाते. म्हणून हा प्रश्न दयेचा नाही, समतेचा आहे.

भारताने अपंगांच्या हक्कांचा करार २००७ साली मान्य केला आणि २०१६ साली कायदाही केला. १९५१ च्या करारावर मात्र त्याची स्वाक्षरी नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तो व्हावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. तोपर्यंत निर्वासितांच्या कोणत्याही वस्तीत जाणाऱ्याने प्रथम हे पाहावे की, पाण्याच्या नळापर्यंत आणि संडासापर्यंत कोण पोहोचू शकत नाही. त्या माणसापासून कामाला आरंभ व्हावा.