दारातली जागा, खुर्चीतली जागा

(पंचवटीतील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



काळारामाचं देऊळ इथून जवळच आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथं सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दरवाजे बंद होते. पहिली तुकडी चारही दरवाजांशी जाऊन बसली. त्यात १२५ पुरुष होते आणि २५ बाया. दादासाहेब गायकवाडांचं नाव आपल्या ओठावर आहे, ते असायलाच हवं. पण त्या पंचवीसजणींपैकी किती नावं आपल्याला सांगता येतील?

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना हीच रुखरुख होती. त्यांनी जुन्या कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून बोलतं केलं आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. तेव्हा कळतं की आपल्या आज्या नुसत्या मोर्चात चालल्या नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिथं घटस्फोटाचा हक्क मागितला गेला, आणि कायदेमंडळात स्त्रियांसाठी राखीव जागाही! तरी घटना समितीत दलित स्त्री पोचली ती एकच, दाक्षायणी वेलायुधन.

अमेरिकेतल्या काळ्या भगिनींचा अनुभव वेगळा नाही. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यापासून त्या चळवळीत आहेत. पण त्यांच्यातली पहिली स्त्री, शर्ली चिझम, तिथल्या संसदेत निवडून यायला १९६८ साल उजाडलं. लढताना आम्ही पुढे, आणि जागा वाटताना मागे.

१९९३ पासून पंचायती-पालिकांत आपल्याला एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. अनुसूचित जातींच्या जागांतही स्त्रियांचा वाटा ठरला. पण सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कुणी बाई प्रश्न विचारायला लागली की पुढच्या सोडतीत वॉर्डाचं आरक्षण बदलतं, आणि खुल्या जागेवर तिला तिकीट कोण देणार?

म्हणून बायांनो, निवडून गेलेल्या बहिणीला एकटं सोडू नका. सभेला तिच्यासोबत जा. ठराव आधी वाचून दाखवा, न वाचता सही करू देऊ नका. आणि घरात म्हातारी असेल तर आजच तिच्या आठवणी लिहून घ्या, नावानिशी.

त्या पंचवीसजणी दारात बसल्या होत्या. आपण खुर्चीत बसायचं, ते त्यांच्याच निर्धारानं.

जय भीम! जय सावित्री!