तारेच्या आतलं सोलापूर

गुलामी म्हटलं की आपल्याला साखळदंड आठवतात. मी जरा लांबून सुरुवात करतो. हजार वर्षांपूर्वी नॉर्वे-स्वीडनकडं गुलामाला 'थ्रॅल' म्हणायचे. लुटीत धरून आणलेला थ्रॅल, अन् गुलाम बाईच्या पोटचं पोरही बहुधा थ्रॅलच. त्यांच्या एका जुन्या काव्यात रीग नावाचा देव तीन घरी उतरतो. त्यातून गुलाम, शेतकरी आणि सरदार जन्मतात. शेतात शेणखत पसरायचं, डुकरं राखायची, हे गुलामाच्या वाट्याला. ओळखीचं वाटतंय ना? पुरुषसूक्त वेगळं काय सांगतं?

पण तिथं सुटलेल्या थ्रॅलचे वंशज पिढ्यांमागून इतरांत मिसळले. १३३५ साली स्वीडनच्या राजानं काही प्रांतांत हुकूम काढला: ख्रिस्ती आईबापाचं मूल गुलाम राहणार नाही.

आणि इथं? १८४३ साली इंग्रजांनी गुलामीची कायदेशीर मान्यता काढली. २८ वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. म्हंजे आईच्या पोटातच गुन्हेगार! १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यात आला आणि आपल्या सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे तारेच्या आत. रोज हजेरी. बाहेर जायला पास. आईबाप आत, म्हणून पोरंही आत. गिरणीला मात्र हेच हात चालले. सोलापूरच्या कापडाचं कौतुक करणाऱ्यांनी सुतातली ही तारही मोजावी.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. माणसं 'विमुक्त' झाली. पण १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तुरुंगात जात बघून काम वाटण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले ते ३ ऑक्टोबर २०२४ ला. बाहत्तर वर्षांनी!

थ्रॅलच्या नातवाचा आजा कोण, हे लोक विसरले. आपल्याकडं विसरत नाहीत. चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात, हे शेंबडं पोरही सांगेल. अन् दोस्तांनो, आपण तरी काय करतो? वस्तीवर अन्याय झाला की आपण मोर्चा काढतो. पारध्याच्या पोराला रात्री उचललं की आपल्या घराची दारं बंद असतात.

मला एवढंच म्हणायचंय: पुढच्या खेपेला पोलिसांची गाडी पालावर आली, तर त्या पोराच्या बाजूला आपण उभं असलं पाहिजे. कागदावरची तार कोर्ट तोडील. मनातली आपल्यालाच तोडावी लागंल.