मनाई कशासाठी?



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल." पण मी सॉफ्टवेअरवर बोलायला लागले, तर मागच्या बाकावरची मंडळी तेव्हासारखीच झोपतील. म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीवर बोलते. नदीकाठच्या पाटीवर. "येथे पोहण्यास सक्त मनाई आहे." शेजारीच कधी दुसरी पाटी असते, "मासेमारी करू नये."

नियम लिहिणं हे माझं रोजचं काम. संगणकाला नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. कधी नको, कुठे नको, परिस्थिती बदलली तर काय, हे सगळं लिहून द्यावं लागतं. त्या सवयीने मी पाटी वाचते, तेव्हा त्यातलं कारण आणि अट दोन्ही गळलेली दिसतात. आणि कारण न सांगितलेली मनाई कोण पाळतं, ते आपल्या वर्गाला वेगळं सांगायला नको!

माझी शाळा सांगलीची, आजोळ साताऱ्याचं. कृष्णा दोन्हीकडे. महाबळेश्वरला उगम, माहुलीला वेण्णा मिळते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना, आणि पुढे हरिपूरला वारणा. भूगोलाच्या तासाला हे आपण पाठ केलं. पण पोहणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की सांगलीत लख्ख ऊन असलं तरी घाटावरचं पाणी वाढू शकतं. पाऊस महाबळेश्वरला पडलेला असतो, विसर्ग कोयनेतून सुटलेला असतो. आकाशाकडे बघून पाण्यात उतरणारा इथेच फसतो.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, ते आपल्यापैकी अनेकांनी घरात सोसलं. हे आकडे सांगलीत लहान पोरालाही ठाऊक असतात. पण ते वस्तीसाठी आहेत. पोहणाऱ्याला धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पाण्याला ओढ लागली, रंग तांबूस झाला, लाकडं वाहून यायला लागली, की चांगला पोहणाराही काठाला लागेलच असं नाही. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल, तर खालच्या बाजूला ते माणसाला पुन्हापुन्हा आत ओढतं. घाटावरच्या जुन्या माणसांना हे माहीत होतं. गढूळ पाण्यात उतरायचं नाही, पुलावरून उडी मारायची नाही, नवख्याने डोहाकडे जायचं नाही. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण त्यांना कारण होतं, आणि ते सांगायला घाटावर माणूस होता. आता माणूस गेला आणि पाटी राहिली.

दुसरी मनाई साताऱ्याची. कासच्या तलावातून शहराला पिण्याचं पाणी येतं. तिथे प्रश्न पोहणाऱ्याच्या जिवाचा नाही, खाली नळाखाली घागर लावणाऱ्याचा आहे. पट्टीचा पोहणारा असला, तरी ही मनाई त्यालाही तितकीच लागू.

तिसरी मनाई पाण्यातल्या जिवांसाठी. भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वांत वरच्या यादीत संरक्षण दिलं आहे. उन्हाळ्यात त्या काठावर अंडी घालतात आणि मादी राखण करते. ती जागा सोडून देणं, एवढंच माणसाच्या हातात आहे. मासे मारण्यासाठी पाण्यात सुरुंग उडवू नये, विष कालवू नये, हे तर 1897च्या कायद्यापासून लिहिलेलं आहे. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून वर येतात, तेव्हा त्यांच्या पोटात अंडी असतात. तेव्हा जाळी भरून घेतली, तर पुढच्या वर्षीचे मासे आपण आजच खाल्ले!

म्हणजे शब्द एकच, 'मनाई'. पण एक माझ्या जिवासाठी, एक दुसऱ्याच्या पाण्यासाठी, एक माशा-मगरींसाठी. पहिली पाणी उतरलं की सैल व्हायला हवी. दुसरी बारा महिने. तिसरी हंगामाप्रमाणे. तिन्हींना एकच पाटी लावली, की लोक तिन्ही सारख्याच मोडतात.

अजून एक गोष्ट बोलते, थोडी कडू आहे. हे नियम सगळे काठावरच्या माणसाला उद्देशून असतात. गळ टाकून बसलेला म्हातारा, उघड्या अंगाची पोरं, जाळं घेतलेला भोई. मार्च 2023मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. तो काही गळ टाकणाऱ्यांनी पाडला नव्हता. नदीत काय सोडू नये, याचाही कायदा आहे, 1974 सालापासून. त्याची पाटी मात्र मी कुठल्याच घाटावर पाहिलेली नाही.

पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला 1923पासून बंदी होती. शंभर वर्षांनी, जुलै 2025मध्ये, तीन ठिकाणी लोकांना पुन्हा पोहता आलं. आधी सांडपाणी अडवलं, मग पाणी रोज तपासायला लागले, जीवरक्षक नेमले, आणि हिरवा, पिवळा, लाल असे झेंडे लावले. खर्च प्रचंड झाला, तो आपल्याला झेपणारा नाही. पण झेंड्याला किती लागतं? तिथला लाल झेंडा आजच्या दिवसापुरता 'नको' म्हणतो, आणि म्हणूनच लोक तो मानतात.

आता आपल्या वर्गाबद्दल. मुलं पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून नदीत पोहायला शिकली. आम्ही मुली घाटाच्या पायरीवर कपडे सांभाळत बसलो. ती मनाई कोणी लिहिलेली नव्हती आणि तिचं कारणही कोणी सांगितलं नाही. मी पोहायला शिकले अडतिसाव्या वर्षी, पुण्यातल्या तलावात, माझ्या मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर. ज्या जिल्ह्यात पुराचं पाणी अंगणात येतं, जिथे 8 ऑगस्ट 2019ला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली, तिथे पोहणं ही हौस नाही. लिहिता-वाचता येण्याइतकंच ते गरजेचं आहे. फक्त मनाई करत राहिलो, तर पोरं चोरून पाण्यात जाणार, आणि मुली कधीच जाणार नाहीत.

म्हणून संमेलनाच्या शिल्लक निधीतून तीन गोष्टी कराव्यात, असं मी सुचवते. एक, महापालिकेची परवानगी घेऊन एका घाटावर नवी पाटी. तीवर कारण लिहायचं, किती पातळीच्या वर उतरायचं नाही ते जाणकारांकडून ठरवून लिहायचं, आणि 112 हा क्रमांक. शेजारी लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारण्याआधी दोर फेकायचा, हेही पाटीवर. दोन, शाळेतल्या सातवीच्या मुला-मुलींना दर उन्हाळ्यात प्रशिक्षकाकडून पोहण्याचं शिक्षण. आधी तलावात, आणि मुली निम्म्या असल्याच पाहिजेत. तीन, नदीवर फेस किंवा मेलेले मासे दिसले, तर त्याच दिवशी फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी जेवढे फुलांचे फोटो येतात, त्यात हा एक जास्त नाही!

आपल्यापैकी काही जण वकील आहेत, काही महापालिकेत, काही शिक्षक, आणि दोघं तर अजून रोज पहाटे नदीत पोहतात. पाटीवरचा मजकूर त्या दोघांनी सांगावा, वकिलांनी तपासावा, आणि शुद्धलेखन मराठीच्या बाईंनी. लाल पेन आम्ही आणून देऊ.