शेतमजुराची ऐपत आणि दादासाहेब गायकवाड



कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव निघाले की नाशिकचा १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आठवतो. भूमिहीन शेतमजुरांचे संघटक ही त्यांची ओळख मात्र मागे पडते. मराठवाड्याने तरी ती विसरू नये. भूमिहीनांचा सत्याग्रह १९५३ साली, औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात असताना, याच भागात झाला. त्याची पूर्वपीठिकाही येथलीच. कन्नड तालुक्यातील मक्रणपूरला १९३८ साली भाऊसाहेब मोरे यांनी भरविलेल्या परिषदेला डॉ. आंबेडकर स्वतः आले होते.

मागणी साधी होती : सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना कसण्यासाठी द्या.

दोन एकर मुरमाड रानात पिकणार काय, असा आक्षेप शहाणीसुरती माणसे घेत आली आहेत. पिकाच्या हिशेबाने तो खरा आहे. पण प्रश्न केवळ पिकाचा नव्हता. कोरडवाहू गावात मजुराला काम पेरणी, खुरपणी आणि सुगीपुरते. आषाढात धान्य उसने देणारा आणि खुरपणीला बोलावणारा मालक बहुधा एकच. शेळी चारायची तर बांधही त्याचाच. अशा मजुराने दर वाढवून मागायचा कोणाच्या बळावर? किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीच झाला, पण तेवढ्याने गावातला दर ठरत नाही. ‘उद्या कामावर येत नाही’ असे म्हणण्याची मजुराची ऐपत किती, यावर तो ठरतो. चार पायल्या ज्वारी घरची असली की ही ऐपत आठवड्याभराची होते.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिलेल्या मागणीपत्रात पडीक जमीन आणि किमान वेतनाची अंमलबजावणी या दोन्ही मागण्या एकत्र आहेत, ते म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह झाला. कडेवर मुले घेऊन बाया तुरुंगात गेल्या.

विरोध केवळ सरकारचा नव्हता. १९५९ च्या सुमारास रिपब्लिकन पक्षातल्या वकीलमंडळींनी वेगळी चूल मांडली. दादासाहेब कम्युनिस्टांच्या नादी लागले, हा त्यांचा आरोप. त्यांच्या धोतराचीही टिंगल झाली. सुशिक्षितांना नोकरीचा प्रश्न जवळचा वाटे, खेड्यातल्या मजुराला रानाचा. डाव्या पक्षांनीही फार हसू नये. पाच एकरवाला शेतकरी आपला मतदार आणि त्याच्याच शेतातली मजूर बाईही आपलीच. दराची गोष्ट निघाली की सभेत कार्यकर्ता घसा खाकरतो.

दादासाहेब १९७१ साली गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तरी कित्येकांचा सातबारा झालाच नाही. २०२२ साली गायराने मोकळी करण्याच्या नोटिसा गावोगाव पोचल्या. २००४ पासून अनुसूचित जातींच्या भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना दादासाहेबांच्याच नावाने आहे. मात्र त्यासाठी शासनाला खासगी जमीन विकत घ्यावी लागते, आणि ठरवून दिलेल्या दरात ती विकायला फारसे कोणी पुढे येत नाही.