जुळ्या विशेषणांची पारख



परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांची शाळा बहुधा इंग्रजीत, बाजार त्या प्रांताच्या भाषेत आणि घर मराठीत, अशी वाटणी झालेली असते. मग घरच्या मराठीचा शाळेतल्या इंग्रजीला उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतात. इंग्रजीतील दिसायला जुळ्या विशेषणांच्या आधारे त्याचे उत्तर देण्याचा आमचा विचार आहे.

‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवहारासंबंधी, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. सरकारचे धोरण इकॉनॉमिक. थोड्या इंधनात भागविणारी शेगडी इकॉनॉमिकल. यावरून आखूड रूप तेवढे ‘विषयक’ या अर्थाचे, असा नियम कोणी बांधील, तर पुढचीच जोडी तो मोडते. इतिहासविषयक ते ‘हिस्टॉरिकल’ आणि इतिहासावर ठसा उमटविणारे ते ‘हिस्टॉरिक’. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेले जुने कागद हिस्टॉरिकल. १ मे १९६० हा दिवस हिस्टॉरिक. तेव्हा प्रत्ययावर भिस्त न ठेवता प्रत्येक जोडीचा रूढ अर्थच पाहावा लागतो.

येथे मराठी कामास येते. ‘इमॅजिनरी’ म्हणजे काल्पनिक, ‘इमॅजिनेटिव्ह’ म्हणजे कल्पक. ‘इंडस्ट्रियल’ म्हणजे औद्योगिक, ‘इंडस्ट्रियस’ म्हणजे उद्यमी. ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट, ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालकासारखे निरागस. आजोबांच्या हास्याला निरागस म्हणावे की पोरकट, याविषयी मराठी घरातील मुलाची कधी गल्लत होत नाही. भेद त्याला ठाऊकच असतो. त्याचे इंग्रजी नाव तेवढे सांगावे लागते.

काही गल्लती महागात पडतात. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’, म्हणजे निःस्वार्थ व तटस्थ असावा. तो ‘अनइंटरेस्टेड’, म्हणजे खटल्यात लक्षच नसलेला निघाला, तर पक्षकाराची धडगत नाही. पुष्कळ इंग्रज लेखकही हा भेद पाळीत नाहीत. तरी तो पाळण्याजोगा आहे.

मराठी सर्वत्र पुरी पडते, असा मात्र आमचा दावा नाही. आपला ‘ऐतिहासिक’ हा शब्द वर सांगितलेले दोन्ही अर्थ पोटात घेतो. तेथे प्रतिशब्दावर न थांबता अर्थ फोड करून सांगावा.

म्हणून मुलांचा इंग्रजी शब्द अडला, तर त्यांना कोश अवश्य उघडू द्या. पण त्याबरोबर आजीलाही विचारू द्या. ‘कल्पक’ आणि ‘काल्पनिक’ हे शब्द ज्या घरात रोज कानी पडतात, तेथे शब्द तोलण्याचा काटा आयताच असतो. तो गंजू न देणे आपल्या हाती आहे.